पंपाची सवय नेमकी कशाला लागते?

‘एकदा पंप सुरू केला की तो आयुष्यभर सुटत नाही, त्यापेक्षा गोळ्यांवर भागवा.’ दम्याच्या रुग्णाला असा सल्ला देणारे घरोघरी भेटतात. त्यापायी कितीतरी जण थेट फुप्फुसात पोचणारं औषध टाळतात आणि तेच औषध गोळीतून कितीतरी जास्त प्रमाणात घेतात. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका पफमध्ये साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीसपट. गोळीतलं औषध पोटातून रक्तात आणि तिथून साऱ्या शरीरभर फिरतं. हातांची थरथर आणि छातीची धडधड जास्त होते, आराम मात्र उशिरा पडतो.

तरीही या भीतीच्या जवळपास एक खरी गोष्ट दडलेली आहे. ती पेशींच्या पातळीवरची आहे आणि ती कळली की पंप कसा वापरायचा याचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

आधी श्वासनलिका पाहू. तिच्या लहान लहान फांद्यांभोवती स्नायूंचे वेढे असतात. दम्यात हे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफ साचतो. नळीतून हवा संथ वाहत असेल, तर तिला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली, तर अडथळा सोळापट! म्हणूनच स्नायू जरासे सैलावले तरी रुग्णाला जिवात जीव आल्यासारखं वाटतं. ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे श्वासनलिका रुंदावणारी औषधं, मुख्यतः या स्नायूंवरच काम करतात. सूज आणि कफ त्यांनी जात नाहीत.

स्नायू सैलावतात कसे? १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं, की अ‍ॅड्रेनलिनसारख्या रसायनांचा निरोप घेणारे रिसेप्टर किमान दोन प्रकारचे असावेत, अल्फा आणि बीटा. पुढे बीटाचेही पोटप्रकार सापडले. हृदयावर प्रामुख्याने बीटा-१ असतात, श्वासनलिकेच्या स्नायूंवर बीटा-२. साल्ब्युटामॉल मुख्यतः बीटा-२ला जाऊन चिकटतं. हा रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेलं प्रथिन. बाहेरच्या बाजूला औषध बसलं की त्याचा आतला आकार किंचित बदलतो, शेजारचं, निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन जागं होतं, ते एका एन्झाइमला कामाला लावतं आणि पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा रेणू भराभर तयार होऊ लागतो. त्यामुळे पेशीतलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि स्नायू आवळून धरणारी यंत्रणा ढिली पडते. हे सगळं काही मिनिटांत घडतं. या प्रकारच्या रिसेप्टरांच्या अभ्यासासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. औषध जोडलेला बीटा-२ रिसेप्टर जी-प्रथिनाला धरून असतानाचं स्फटिकचित्र कोबिल्का यांच्या गटाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. इतक्या लहानशा हालचालीवर माणसाचा श्वास अवलंबून असतो, हे त्या चित्रात अक्षरशः दिसतं.

आता खरी गोष्ट. औषध वारंवार येऊ लागलं की पेशी स्वतःचं रक्षण करते. जीआरके नावाची एन्झाइमं रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेटचे गट लावतात. त्या खुणेवर बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि जी-प्रथिनाची वाट अडवतं. सारखी बेल वाजू लागल्यावर घरच्यांनी तिची वायरच काढून ठेवावी, तसं हे आहे. बाहेरचा बटण दाबत राहतो, आत आवाज पोचत नाही. एवढ्यावर हे थांबत नाही. पेशी काही रिसेप्टर पडद्यावरून आत ओढून घेते. त्यातले काही पुन्हा वर येतात, पण मारा चालूच राहिला तर बरेच नष्ट केले जातात आणि नवे कमी बनतात. श्वासनलिकेच्या स्नायूंकडे रिसेप्टरांचा साठा मोठा असतो, त्यामुळे आराम एकदम नाहीसा होत नाही. अ‍ॅलर्जीची रसायनं सोडणाऱ्या मास्ट पेशींचे रिसेप्टर मात्र लवकर थकतात. परिणामी धूळ, थंड हवा, व्यायाम यांपासून औषध जे संरक्षण देत होतं ते आधी कमी होतं. नुसता साल्ब्युटामॉलचा पंप एक-दोन आठवडे नियमित घेतला, तरी हा बदल मोजता येतो.

म्हणजे सवय लागतेच म्हणायची तर ती रिसेप्टरला लागते, माणसाच्या मनाला नाही. आणि त्यावरचा उपायही पंपातच मिळतो: श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड. ते पेशीच्या केंद्रकापर्यंत निरोप पोचवून सूज घडवणारी जनुकं दाबतं, शिवाय बीटा-२ रिसेप्टर बनवणाऱ्या जनुकाचं काम वाढवतं. एकीकडे आग शमते, दुसरीकडे झिजलेले रिसेप्टर भरून येतात. ‘स्टेरॉइड’ ऐकूनच घाबरणाऱ्यांना मला हे पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. घेतल्या घेतल्या आराम वाटत नाही म्हणून लोक नेमका हाच पंप आधी बंद करतात.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते न्यूझीलंडने पाहिलं. १९७६ मध्ये तिथे फेनोटेरॉल या साल्ब्युटामॉलच्याच जातीच्या औषधाचा पंप आला. एका पफमध्ये २०० मायक्रोग्रॅम, असं जोरकस औषध. त्यानंतर दम्याने होणारे मृत्यू झपाट्याने वाढले. १९८९ मध्ये तिथल्या संशोधकांनी या दोहोंचा संबंध दाखवला, वाद झाले, वापरावर निर्बंध आले आणि मृत्यू घटले. दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधांचीही परीक्षा झाली. सॅल्मेटेरॉलच्या २६ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीत दम्याने झालेले मृत्यू औषध गटात १३ आणि नकली औषधाच्या गटात ३ होते. त्यातल्या अनेकांना सोबत स्टेरॉइड चालू नव्हतं. अखेर २०१९ मध्ये ‘जीना’ या दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने मोठ्या आणि किशोरवयीन रुग्णांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊ नये, अशी भूमिका घेतली. आता फॉर्मोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप गरजेच्या वेळीही वापरता येतो, कारण फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं. सॅल्मेटेरॉल असलेला पंप धाप लागल्यावर उपयोगाचा नाही, त्याला वेळ लागतो. आपल्या पंपात काय आहे हे रंगावरून ठरवू नका, नाव वाचा.

आराम देणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल, तर दमा ताब्यात नाही. वर्षाला २०० पफचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर झटक्यांचा धोका वाढलेला असतो. बारा किंवा जास्त संपत असतील, तर मृत्यूचाही.

सीओपीडीचं, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अडलेल्या राहण्याच्या दीर्घकालीन आजाराचं, गणित थोडं वेगळं आहे. धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसाची कायमची हानी झालेली असते, श्वास पूर्ण बाहेर पडत नाही आणि हवा आत अडकून राहते. तिथे दीर्घकाळ टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर हाच उपचाराचा कणा. त्यात टायोट्रोपियमसारखी औषधंही येतात. ती अ‍ॅसिटाइलकोलिनचा (मज्जातंतूंतून सुटणाऱ्या एका रसायनाचा) स्नायू आवळण्याचा निरोप रोखतात. ती घेताना तोंड कोरडं पडतं, प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, आणि याच जातीच्या इप्राट्रोपियमची नेब्युलायझरची वाफ डोळ्यांत गेली तर काचबिंदू असलेल्यांना त्रास होऊ शकतो. सीओपीडीत दीर्घकाळ टिकणारं ब्रॉन्कोडायलेटर स्टेरॉइडशिवाय चालतं, म्हणून दम्यातही चालेल असं मात्र समजू नये.

‘दमा मुळापासून बरा’ असं छापलेल्या निनावी पुड्यांबद्दलही बोललं पाहिजे. अशा काही औषधांच्या तपासणीत न सांगता मिसळलेलं स्टेरॉइड सापडलेलं आहे. आराम पडतो तो त्याचाच, आणि तोही गोळीइतक्या मात्रेने, महिनोन् महिने, कुणाच्याही देखरेखीविना. मंतरलेल्या ताइताने रिसेप्टर परत येत नाहीत. त्याच्या भरवशावर पंप बंद केलेले रुग्ण अत्यवस्थ होऊन दवाखान्यात येतात.

पंप घेण्याची पद्धत मोठं प्रकरण आहे. गॅसचा पंप असेल तर हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग सावकाश खोल श्वास घेता घेता एकदाच दाबा आणि दहा सेकंद रोखा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, वापरला तर औषध घशात कमी, फुप्फुसात जास्त जातं. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा. कापडाने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. पावडरच्या पंपाचं उलटं: श्वास जोरात ओढायचा आणि त्यात फुंकर मारायची नाही. स्टेरॉइड घेतल्यावर चूळ भरायची. पफ संपल्यावरही गॅसच्या पंपातून फवारा येत राहतो, त्यात औषध जवळजवळ नसतं. त्यामुळे पंपावर आकडा दिसत नसेल तर घेतलेले पफ मोजून ठेवावेत.

साल्ब्युटामॉलने होणारी थरथर आणि धडधड थोड्या वेळात ओसरते. जास्त मात्रेत मात्र रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये शिरून उतरतं. सोबत लघवीच्या गोळ्या किंवा थिओफिलिन (श्वासनलिका रुंदावणारं आणखी एक औषध) चालू असेल तर हे धोक्याचं. थिओफिलिनच्या उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर कमी आहे, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या प्रतिजैविकाने त्याची रक्तातली पातळी चढते. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब बीटा रिसेप्टर अडवतात, दोन थेंबांनीही दम्याचा झटका येऊ शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा असल्याचं आवर्जून सांगा.

पंप घेऊनही एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडत असतील, गुंगी येत असेल किंवा आराम टिकतच नसेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत आराम देणाऱ्या पंपाचे पफ स्पेसरमधून देत राहा. घरघर अचानक ऐकू येईनाशी झाली आणि धाप तशीच असेल, तर ती सुधारणा समजू नका. हवा आत-बाहेर जाणंच इतकं कमी झालेलं असतं, की आवाज होत नाही.