स्लॅशर चित्रपट : मूळ आणि दुसरा भाग

स्लॅशर हा भयपटाचा एक प्रकार. त्यात एकच खुनी, बहुधा मुखवटा घातलेला आणि हातात सुरी किंवा तसलेच धारदार हत्यार घेतलेला, तरुण मुलामुलींना एकामागून एक गाठून मारतो आणि शेवटी एक मुलगी त्याला पुरून उरते. मराठीत याला रुळलेला शब्द नाही. पुण्यात पूर्वी ‘मर्डरवाला पिक्चर’ म्हणत, आता सरळ ‘स्लॅशर’ म्हणतात. या प्रकाराचे एक वैशिष्ट्य असे की तो एका चित्रपटावर क्वचितच थांबतो. पहिला चालला की दुसरा येतो, आणि दुसरा आला की ‘पहिल्याची सर नाही’ हे वाक्य येतेच. ते वाक्य बहुतेक वेळा खरे असते. पण ते का खरे असते, आणि कुठे साफ चुकते, हे पाहण्यासारखे आहे.

या प्रकाराची मुळे १९६० च्या ‘सायको’ आणि ‘पीपिंग टॉम’मध्ये सापडतात. १९७४ च्या ‘ब्लॅक ख्रिसमस’ आणि ‘द टेक्सस चेन सॉ मॅसॅकर’ यांनी त्याला आकार दिला. साचा पक्का झाला तो जॉन कारपेंटरच्या ‘हॅलोविन’मुळे (१९७८). त्याचा दुसरा भाग १९८१ मध्ये आला. मूळ आणि सिक्वेल यांची तुलना शिकायची तर या जोडीइतके चांगले उदाहरण नाही, कारण दुसरा भाग पहिल्याच्या शेवटच्या क्षणापासून, त्याच रात्री सुरू होतो. मध्ये एका मिनिटाचेही अंतर नाही. फरक आहे तो सगळा सांगण्याच्या पद्धतीत.

पहिला ‘हॅलोविन’ सुमारे सव्वातीन लाख डॉलरमध्ये, जेमतेम वीस दिवसांत उरकला. गोष्ट इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची, पण चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात झाले. म्हणून पानगळीची पाने रंगवून रस्त्यावर पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा वापरायची, अशी काटकसर होती. दुसऱ्या भागाला सुमारे पंचवीस लाख डॉलर मिळाले. पटकथा कारपेंटर आणि डेब्रा हिल यांचीच, कॅमेरा पुन्हा डीन कंडीचाच, दिग्दर्शन मात्र रिक रोझेन्थालकडे गेले. अमेरिकेत पहिल्याने सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले, दुसऱ्याने सुमारे अडीच कोटी. म्हणजे तोटा कुणाचाच झाला नाही, आणि पुढच्या सगळ्या दुसऱ्या भागांचा धंदा याच हिशेबावर उभा राहिला : कमाई निम्मी झाली तरी परवडते.

भीती कुठे असते

पहिल्या भागाचा शेवट नीट आठवावा. खुन्याचा मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर लूमिस त्याच्यावर सहा गोळ्या झाडतो, खुनी गॅलरीतून खाली पडतो. लूमिस वाकून पाहतो तर खाली हिरवळीवर कुणीच नाही. यानंतर कारपेंटर खुन्याला दाखवतच नाही. तो फक्त जागा दाखवतो : रिकामा जिना, रिकामी खोली, काळोखातले घर, बाहेरचा रस्ता. आणि या सगळ्यांवर मुखवट्याआडचा तो श्वास. खुनी कुठेच नाही, म्हणून कुठेही असू शकतो. चित्रपट इथे संपतो आणि भीती प्रेक्षकाच्या हवाली करतो.

दुसरा भाग हीच भीती परत मागून घेतो. खुनी कुठे गेला ते तो लगेच दाखवतो : शेजारच्या घराकडे, तिथल्या स्वयंपाकघरातून सुरी उचलायला, मग इस्पितळाकडे. मोकळ्या वस्तीची जागा इस्पितळ घेते, आणि इस्पितळात वाईट घडणार ही अपेक्षा आपण दारातूनच घेऊन आत जातो. पहिल्या भागात खुनी भर दुपारी, कुंपणाआड, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभा असतो. पुणेकराला हे समजावून सांगावे लागत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून असा एखादा चित्रपट पाहून बाहेर पडावे आणि प्रभात रोडच्या गल्लीतून चालत जावे. बंगले, मेंदीचे कुंपण, दुपारची सामसूम. काहीही घडत नसताना मान आपोआप मागे वळते. दुसऱ्या भागाला हे जमत नाही, कारण त्याची भीती ज्या खोलीत आहे तिथेच राहते. बाहेर पडलो की सुटलो.

म्हणून दुसरा भाग संख्येकडे वळतो. पहिल्यात पाच माणसे मरतात आणि रक्त जवळजवळ दिसतच नाही. दुसऱ्यात बळी दुपटीच्या घरात जातात, आणि प्रत्येकाला मरण वेगळे : इंजेक्शनची सुई, उकळत्या पाण्याचा टब. कारपेंटरने नंतर स्वतः काही जास्तीचे रक्तपाताचे प्रसंग चित्रित करून त्यात घातले. त्याला दोष देणे सोपे आहे. पण मध्ये १९८० चा ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ येऊन गेला होता, त्यात टॉम सॅव्हिनीच्या रंगभूषेने मरण पडद्यावर उघडे करून दाखवले होते, आणि प्रेक्षकाची नजर बदलली होती. सिक्वेलची तुलना फक्त मूळ चित्रपटाशी करून भागत नाही. मधल्या तीन वर्षांत बाजारात काय आले हेही पाहावे लागते.

‘का’ या प्रश्नाचे उत्तर

माझ्या मते खरा घाव मात्र इथे बसतो. पहिल्या भागात मायकल मायर्स सहा वर्षांचा असताना बहिणीला मारतो, पंधरा वर्षांनी पळून येतो आणि लॉरी नावाच्या मुलीच्या मागे लागतो. तिच्याच मागे का, याला उत्तर नाही. ती त्याच्या जुन्या घराच्या दाराशी किल्ली ठेवायला गेली, त्याने तिला पाहिले, बस. दुसऱ्या भागात उत्तर येते : लॉरी ही त्याची धाकटी बहीण, दुसऱ्या घरी दत्तक गेलेली. एका वाक्यात सगळी गोष्ट घरगुती होते. जी वेळ कुणावरही येऊ शकत होती ती आता फक्त एका कुटुंबावर येते. पाहणारा सुटतो.

कारण कळले की भीती उतरते, हे पुण्याने पडद्याबाहेरही अनुभवले आहे. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात जे खूनसत्र झाले, ज्यात १० जणांचा जीव गेला, त्याची आठवण असलेली पिढी अजून पेठांमध्ये आहे. दिवेलागणीला दारे लागत, ओळखीच्या हाकेलाही आधी खिडकीतून पाहून मग कडी काढली जाई. खुनी पकडले गेले, हेतू लुटीचा होता हे कळले. दुःख आणि संताप तसाच राहिला, पण ‘कोण आणि का’ हे माहीत नसतानाची ती भीती पुन्हा तशी आली नाही. खऱ्या माणसांच्या मरणाची चित्रपटाशी बरोबरी करायची नाही. भीतीची जात कोणती ते सांगायचे आहे.

मराठी वाचकाला कारण मागण्याची सवयही आहे. पुण्याच्या नारायण धारपांच्या भयकथांवर जे वाढले, त्यांना धारपांचे नायक समर्थ आले की गोष्टीची घडी बसणार हे ठाऊक असे, आणि त्या दिलाशात एक समाधान असे. दुसरा भाग तसाच दिलासा द्यायला जातो, पण त्याच्याजवळ समर्थ नाहीत, नुसते नाते आहे.

आणखी विलक्षण गोष्ट पुढे आहे. पहिला चित्रपट अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवायचा होता, पण काटछाटीनंतर लांबी कमी पडत होती. ती भरून काढायला दुसऱ्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळीच काही नवे प्रसंग घेऊन पहिल्यात घातले गेले. त्यांपैकी एकात मायकलच्या मनोरुग्णालयातल्या खोलीच्या दारावर ‘बहीण’ या अर्थाचा शब्द कोरलेला दिसतो. म्हणजे सिक्वेलने मागे जाऊन मूळ चित्रपटच दुरुस्त केला. मूळ आणि पुढचा भाग यांच्यात इतकी सरमिसळ झालेली दुसरी जोडी मला आठवत नाही.

नायिकेचेही असेच. शेवटी उरणाऱ्या मुलीबद्दल कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ मध्ये जो निबंध लिहिला त्यातून ‘फायनल गर्ल’ हा शब्द रूढ झाला. पहिल्या भागातली लॉरी डोके चालवते. विणकामाची सुई, कपडे टांगायची तार, हाताला येईल ते शस्त्र करते. दुसऱ्यात ती गुंगीच्या औषधाखाली बराच वेळ खाटेवर पडून असते. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसच्या वाट्याला संवादही थोडेच आले. मुख्य माणसाला झोपवून गोष्ट पुढे नेणे ही या सिक्वेलची मला सगळ्यात जास्त खुपणारी उणीव आहे.

ठेका आणि मुखवटा

पहिल्या भागाचे संगीत कारपेंटरचेच. पाच-चारच्या पाश्चात्त्य ठेक्यातली ती पियानोची धून हाताने मोजली तर दहा छोट्या मात्रा भरतात. आपल्याकडचा कान लगेच झपताल शोधतो, कारण तिथेही दहाच मात्रा. पण झपतालाचे खंड दोन-तीन-दोन-तीन असे पडतात, आणि ही धून तीन-तीन-दोन-दोन अशी पडते. समेवर येते खरी, पण दर वेळी शेवटी पाऊल घाईने टाकल्यासारखी. ती जी अस्वस्थता आहे ती याच मोडणीत आहे. दुसऱ्या भागात अॅलन हॉवर्थच्या साथीने हीच धून सिंथेसायझरवर, ऑर्गनच्या भारदस्त आवाजात आली. ठेका तोच, पण पियानोचा कोरडेपणा गेला. सुरांना वजन आले की ते आधीच सांगून टाकतात, ‘आता घाबरा’.

मुखवटा तर दोन्हीकडे एकच. दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला, ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा. भुवया काढल्या, पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोके मोठी केली. मधली वर्षे तो डेब्रा हिल यांच्या पलंगाखाली पडून होता आणि सिगारेटच्या धुराने पिवळा पडला, असे सांगतात. दुसऱ्या भागात तो घालणारा डिक वॉरलॉक बांध्याने वेगळा, त्यामुळे मुखवटा रुंद दिसतो. वस्तू तीच असूनही चेहरा तो राहिला नाही.

पुण्यात हे चित्रपट कसे पाहिले गेले

कॅम्पातल्या वेस्ट एंडसारख्या थिएटरात इंग्रजी चित्रपट लागत, पण या प्रकाराचा बराचसा प्रेक्षक घडला तो ऐंशीच्या दशकातल्या व्हिडिओ लायब्ररीवर. व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने आणायचा, सोबत तीन-चार कॅसेट, आणि सगळ्यांनी वर्गणी काढायची. कॅसेट जी मिळेल ती. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात दुसरा भाग आधी आला आणि पहिला त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. त्यामुळे लॉरी ही बहीण आहे हे माहीत असूनच आम्ही पहिला पाहिला, आणि सगळेच म्हणाले की दुसरा भारी आहे, याच्यात काही घडतच नाही.

हे मत आमच्या अभिरुचीपेक्षा कॅसेटचे होते. ‘हॅलोविन’ पॅनाव्हिजनच्या रुंद चौकटीत चित्रित केला आहे. टीव्हीच्या जवळजवळ चौकोनी पडद्यासाठी त्याच्या कडा कापल्या की चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. आणि कारपेंटरचा खुनी बहुतेक वेळा कडेलाच उभा असतो. मधोमध मुलगी फोनवर बोलते आहे, कडेला काळोखात एक फिकट काहीतरी. कॅसेटवर ते फिकट काहीतरी उरतच नाही. वरच्या मजल्यावरचा तो प्रसंग पाहा : लॉरी भिंतीला टेकून रडते आहे, शेजारी अंधारे दार. मग त्या अंधारातून मुखवटा हळूहळू वर येतो, जणू डोळे काळोखाला सरावल्यावर दिसू लागावे तसा. कंडीने तिथे दिवा डिमरवर ठेवून अगदी सावकाश उजळवला होता. घासून गेलेल्या कॅसेटवर तो अंधार करडा होतो आणि मुखवटा एकदम दिसतो. दुसरा भागही रुंदच चित्रित झाला, पण त्यातले मारणे चौकटीच्या मध्यावर घडते, म्हणून कापाकापीत त्याचे नुकसान कमी झाले. मूळ चित्रपट पूर्ण रुंदीत पाहिल्याशिवाय ही तुलना करूच नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जिथे दुसरा भाग मूळ ठरतो

‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या बाबतीत ‘पहिला तो पहिलाच’ हे चालत नाही. या मालिकेचा प्रसिद्ध खुनी म्हणजे जेसन, पण १९८० च्या चित्रपटात खुनी तो नाहीच, त्याची आई आहे. जेसन मारू लागतो तो दुसऱ्या भागात (१९८१), तेही डोक्यावर कापडी पिशवी घालून. हॉकीचा मुखवटा तिसऱ्यात (१९८२) येतो. लोकांच्या मनात जो ‘मूळ’ जेसन आहे तो असा हप्त्याहप्त्याने बनला. बुडून मेलेला मुलगा मोठा कसा झाला याचे धड उत्तर स्टीव्ह मायनरचा दुसरा भाग देत नाही. तरी पहिल्या भागात वाचलेल्या ॲलिसला तिच्याच स्वयंपाकघरात सुरुवातीलाच मारून तो जी निर्दयता दाखवतो, ती मूळ चित्रपटापेक्षा धीट आहे.

‘सायको’चा दुसरा भाग २३ वर्षांनी, १९८३ मध्ये आला आणि त्याने प्रेक्षकाला पहिल्या भागातला खुनी नॉर्मन याच्या बाजूने उभे केले. टोबी हूपरने स्वतःच्याच ‘चेन सॉ’चा दुसरा भाग (१९८६) काळ्या विनोदाकडे नेला. ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’चा दुसरा भाग (१९८५) स्वतःच्या मालिकेचे नियम विसरला, तिसऱ्याने (१९८७) ते सावरले.

‘स्क्रीम’ (१९९६) आणि त्याचा वर्षाच्या आत आलेला दुसरा भाग यांची जगभरची कमाई जवळजवळ सारखी. दुसऱ्यात चित्रपट शिकणारे विद्यार्थी वर्गातच ‘सिक्वेल मूळापेक्षा चांगला असू शकतो का’ यावर हमरीतुमरीवर येतात. पुण्यातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये विस्डम ट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आंब्याखाली बसणाऱ्यांना हा वाद नवा नाही, आणि तो प्रसंग खोटा वाटत नाही हीच त्या दुसऱ्या भागाची कमाई.

२०१८ मध्ये ‘हॅलोविन’ नावाचाच आणखी एक चित्रपट आला. त्याने मधले सगळे भाग बाजूला सारले आणि थेट १९७८ ला जोडून घेतले. त्यात कुणीतरी लॉरीच्या नातीला विचारते, मायकल लॉरीचा भाऊच होता ना? ती म्हणते, नाही, ते लोकांनी उगाच रचलेले आहे.