गुडघ्याच्या वाटीचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया बदनाम का झाली होती?

सपाट रस्त्यावर ठीक, पण जिना उतरायला लागलं की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ. अशी तक्रार असेल तर झीज बहुधा वाटीच्या मागे, वाटी मांडीच्या हाडाला टेकते त्या सांध्यात असते. चालताना वाटीच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा भार येतो. जिन्यावर तो तिपटीच्या पुढे जातो, उकिडवं बसताना सात-आठपट. एकेकाळी या दुखण्यावर वाटीच काढून टाकत. मग मांडीच्या स्नायूचा जोर कमी होई.

1955 मध्ये अमेरिकी सर्जन डंकन मॅकीव्हर यांनी वाटीच्या मागे धातूचं कवच स्क्रूने बसवलं. समोरचं मांडीचं हाड मात्र तसंच ठेवलं, त्यामुळे धातू कूर्चेवर, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत आवरणावर, घासत राही. 1979 च्या सुमारास ल्युबिनस आणि रिचर्ड्स ही इम्प्लांट (कृत्रिम सांधे) आली. वाटी ज्या खोबणीतून सरकते तिथे धातू, वाटीला प्लास्टिक. दोन्ही बाजू झाकल्या गेल्या.

घोटाळा पुढेच होता. हा धातू मूळ खोबणीतच रुतवायचा, त्यामुळे खोबणीची दिशा त्याने आपसूक घेतली. आता, वाटीचा सांधा तुलनेने लवकर झिजणाऱ्यांपैकी अनेकांची खोबण मुळातच उथळ असते. वाटी बाहेर सरकत राहते, म्हणूनच ती झिजते. तोच दोष नव्या सांध्यात उतरला. वाटी अडके, खटका बसे, कधी निसटेही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या सर्जनांनी 2002 मध्ये ल्युबिनसचे निकाल छापले तेव्हा वाटी नीट न सरकणं हीच मोठी तक्रार होती.

त्याच गटाने 1996 पासून एव्हॉन इम्प्लांट वापरायला घेतलं होतं. यात हाडाचा पुढचा भाग सपाट कापून वर नवी, रुंद खोबण बसवतात; दिशा सर्जन ठरवतो. अमेरिकी सर्जन जेस लोनर यांनी 2004 मध्ये दोन्हींची तुलना मांडली. ल्युबिनसमध्ये वाटीच्या तक्रारी 17 टक्के होत्या, एव्हॉनमध्ये 4 टक्क्यांहून कमी. माझ्या मते दोष शस्त्रक्रियेच्या कल्पनेचा नव्हताच, त्या खोबणीचा होता.

नंतर पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं मुख्य कारण बदललं: उरलेल्या गुडघ्यात पसरणारी झीज. म्हणून मांडी आणि नडगीच्या हाडांमधला सांधा शाबूत आहे का, हे आधी कसून पाहतात. 2018 मध्ये डेन्मार्कमधल्या 100 रुग्णांच्या चाचणीचे निकाल आले. पहिल्या दोन वर्षांत पूर्ण गुडघा बदललेल्यांपेक्षा फक्त वाटीचा सांधा बदललेल्यांचा त्रास कमी होता, गुडघाही अधिक वाकत होता. तरी सांधे बदलण्याच्या राष्ट्रीय नोंदवह्यांत फेरशस्त्रक्रियेचं प्रमाण अशा अर्धवट बदलातच जास्त दिसतं. ते वाचताना एक ध्यानात ठेवावं: अर्धवट बदललेल्याचा पूर्ण गुडघा करणं तुलनेने सोपं, त्यामुळे सर्जन त्याला लवकर तयार होतात.