एकवीस दिवसांत व्यायाम अंगवळणी पडतो का?

सलग 21 दिवस पहाटे धावले की सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हा आकडा मुळात मैदानावरचा नाहीच. अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांनी 1960 मध्ये नोंदवले होते की, रुग्णाला आरशातला बदललेला चेहरा आपलासा वाटायला किमान 21 दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ हा शब्द पुढे सोयीस्करपणे गळून पडला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2009 मधील अभ्यासात सवय मुरायला सर्वसाधारणपणे 66 दिवस लागले, आणि खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा व्यायामाला सुमारे दीडपट वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या पहाटे बुटाची नाडी बांधताना कंटाळा आला, तर तो शिस्तीचा दोष नव्हे. एखादा दिवस चुकल्यानेही त्या अभ्यासात फारसे बिघडले नव्हते.