वीतभर मातीत खेळताना

काही वर्षांपूर्वी फिनलंडमध्ये लाहती आणि टाम्पेरे या शहरांतल्या चार बालवाड्यांच्या अंगणात जंगल आणून अंथरलं गेलं. जंगल म्हणजे उंच झाडं नव्हेत, तर जंगलाची जमीन: शेवाळ, खुरटी झुडपं, कुजका पाला आणि मुळांनी धरून ठेवलेला मातीचा थर. त्याआधी या अंगणांत खडी आणि वाळूच होती. जंगलाच्या जमिनीसोबत हिरवळ आली, रोपं लावायला मातीचे वाफे आले. 3 ते 5 वर्षांची मुलं 28 दिवस रोज साधारण दीड तास त्यात खेळली, त्यांनी रोपं लावली, माती चिवडली.

संशोधकांनी मुलांच्या त्वचेवरचे आणि आतड्यातले जीवाणू आधी आणि नंतर तपासले, रक्तही पाहिलं. तुलनेसाठी नेहमीच्या, उघड्याबोडक्या अंगणाच्या बालवाड्या होत्या, आणि मुलांना रोज रानात नेणाऱ्याही काही होत्या. सगळ्या मिळून 10 बालवाड्या आणि 75 मुलं. महिन्याभरात हिरव्या अंगणातल्या मुलांच्या त्वचेवर जीवाणूंचे प्रकार वाढले. त्यांच्या रक्तात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या रेणूंचं प्रमाणही वाढलं. हा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला.

आवर घालणं हा शब्द इथे महत्त्वाचा. आपल्या प्रतिकारशक्तीचं काम नुसतं लढण्याचं नाही. परागकण, शेंगदाणा, स्वतःच्याच पेशी यांच्यावर तुटून पडायचं नाही, हेही तिला शिकावं लागतं. हे शिक्षण आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत जोरात चालतं आणि त्यात निरुपद्रवी जीवाणूंची ओळख होणं मोलाचं असतं. फरशी, प्लास्टिकची खेळणी आणि सतत पुसलेले हात यांतून ही ओळख फारशी होत नाही. हा प्रयोग छोटा होता. त्यातून मुलांचा दमा किंवा ॲलर्जी कमी झाली असं सिद्ध झालेलं नाही. पण अंगण बदललं तर मुलाच्या शरीरातही काही बदलतं आणि तेही इतक्या लवकर, हे मला फार मोठं वाटतं.

आपल्याकडे तर लहान मुलांच्या शाळेच्या नावातच अंगण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. शिकवायचं साहित्य म्हणजे बिया, पानं, खडे, शंख. पैसे नव्हते हे कारण होतंच, पण मुलाचे हात ज्या वस्तूंना सरावलेले आहेत तिथूनच शिकणं सुरू करायचं, ही समजही त्यामागे होती. आज कित्येक बालवाड्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरतात आणि जिथे अंगण उरलंय तिथे पेव्हर ब्लॉक बसलेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

तरीही पावसाळ्यात वीतभर माती पुरते. मृगाच्या सरींनंतर मखमली लाल मृगाचा किडा दिसला, तर मुलाला पाय मोजू द्या. प्रौढ किड्याचे पाय आठ भरतील, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे. हे आपण सांगण्याआधी शेजारच्या मुंगीचे सहा पाय मुलानं मोजलेले असावेत. अळूच्या पानावर पाणी ओता. पान भिजत नाही, थेंब पाऱ्यासारखा पळतो. पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थेंब त्या हवेवरच टेकून राहतो. चार वर्षांच्या मुलाला मेणाचं एवढं सांगायची गरज नाही. त्याला तो थेंब पानावरून घरंगळवत दहा मिनिटं खेळू द्यावं. मोठ्यांची घाई हाच या वयातल्या निसर्गशिक्षणातला सगळ्यात मोठा अडथळा आहे, असं माझं मत आहे.

पहिल्या पावसाचा वास तर मुलांना आपल्याइतकाच कळतो. तो बराचसा जिओस्मिन नावाच्या रेणूचा असतो आणि मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू तो बनवतात. त्या वासानं मातीतले स्प्रिंगटेल नावाचे इवलेसे जीव त्यांच्याकडे ओढले जातात आणि जीवाणूंचे बीजाणू अंगावर घेऊन दूर पसरवतात.

आपली माती फिनलंडची नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. जिथे उघड्यावर शौच होतं किंवा कुत्र्यामांजरांची विष्ठा पडते, त्या मातीत जंतांची अंडी असू शकतात. म्हणून जागा पारखून घ्यावी, पायात चप्पल असावी, खेळून झाल्यावर खाण्याआधी साबणानं हात धुवावेत. धनुर्वाताची लस वेळेवर द्यावी. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारी जंतनाशक गोळीही चुकवू नये. बिया गोळा करताना लालकाळी गुंज मुलांच्या हाती लागू देऊ नका. ती दिसायला देखणी असते, पण चावली गेली तर जिवावर बेतू शकते. कण्हेर आणि धोत्र्यापासूनही मुलांना लांब ठेवावं.

लाजाळू मात्र खुशाल दाखवा, काटे सांभाळून. बोट लागलं की पानाच्या तळाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींमधून पाणी बाहेर पडतं, सांधा ढिला होतो आणि पान मिटतं. मिटायला क्षणभर पुरतो. पुन्हा उघडायला मात्र काही मिनिटं लागतात, आणि तीन वर्षांचं पोर तेवढा वेळ उकिडवं बसून, बोट मागे धरून, श्वास रोखून वाट बघतं.