तिसरी प्रत

गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी आमच्या इंदूरच्या रामबागेतली दोन मुलं छोटासा प्रोग्रॅम लिहीत होती. तिच्याकडे पावत्या, त्याच्याकडे हिशेब. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर इकडून तिकडे जायची. एके दिवशी तिच्या नव्या फाइलीवर त्याची जुनी फाइल बसली. "काका, रात्रभर जागून केलेलं सगळं उडालं," सांगताना तिचा आवाज कापत होता. मग मी दोघांना गिट शिकवायला घेतलं, म्हणजे फाइलींमधल्या बदलांची नोंद ठेवणारं आणि अनेकांचं काम एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर. पहिलाच प्रश्न नेमका आला: दोन फाइली वेगळ्या झाल्या, तर कुणाची ओळ ठेवायची हे गिटला कळतं कसं?

समजा, तिच्या फाइलीत किमान वर्गणी 151 आहे, त्याच्या फाइलीत 101. तिने 101 चे 151 केले, की त्याने 151 चे 101? या दोन प्रती कितीही निरखल्या तरी सांगता येणार नाही. त्यासाठी तिसरी प्रत लागते, दोघांनी जिथून सुरुवात केली ती. त्या प्रतीत 101 असेल, तर बदल मुलीने केलाय आणि त्याने त्या ओळीला हात लावलेला नाही. मग 151 राहतात. गिटमध्ये जतन केलेल्या प्रत्येक टप्प्यात, म्हणजे कमिटमध्ये, त्याच्या आधीचा कमिट कोणता याची नोंद असते, म्हणून वाटा जिथे फुटल्या ती जागा मागे जात जात सापडते. त्यानेही 101 चे 201 केले असते तर? मग गिट थांबतं, दोन्ही ओळी खुणा करून फाइलीत ठेवतं आणि निर्णय माणसावर सोडतं. हाच कॉन्फ्लिक्ट. नवखी मुलं त्याला घाबरतात. मला त्यात गिटचा प्रामाणिकपणा दिसतो.

खरी भीती वेगळीच आहे. तिने रक्कम रुपयांऐवजी पैशांत साठवायला सुरुवात केली, आणि त्याने दुसऱ्या फाइलीत रुपये धरून बेरीज लिहिली, तर एकही ओळ एकमेकींना भिडत नाही. मर्ज, म्हणजे दोघांचं काम एकत्र जोडणं, बिनबोभाट होतो आणि 151 रुपयांची पावती हिशेबात 15,100 ची होते. गिट ओळी ताडून बघतं, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. म्हणून चाचण्या लिहायच्या, एकमेकांचं काम वाचायचं.

"जुनी नोंद गुपचूप बदलली तर?" हा त्याचा प्रश्न. प्रत्येक कमिटला सहसा 40 अंक-अक्षरांची खूण असते. ती मजकूर, लेखक, वेळ आणि आधीच्या कमिटची खूण यांवरून काढलेली असते. मागचं एक अक्षर बदललं की पुढच्या सगळ्या खुणा बदलतात आणि दुसऱ्याच्या प्रतीशी जुळत नाहीत.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी, वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच सॉफ्टवेअरची मोफत सोय बंद झाली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहायला घेतलं. गिटहब ही गिटमधलं काम इंटरनेटवर ठेवण्यासाठी 2008 मध्ये सुरू झालेली वेगळी सेवा. इंटरनेट नसलं तरी कमिट करता येतो, कारण एरवी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो.

तिचं उडालेलं काम काही परत आलं नाही. ते गिटच्या आधीचं होतं. तिने ते दोन संध्याकाळी बसून पुन्हा लिहिलं. कमिटच्या संदेशात तिने लिहिलं: "पावती क्रमांक, दुसऱ्यांदा."