दस्ता लावल्यावर एअर पिस्तूलमध्ये नेमकं काय बदलतं?

माळेगावच्या जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक देतात ती खांद्याला लावायची असते, म्हणून पहिल्यांदा हातात घेतलेलं पोरगंही दोन-चार फुगे फोडतंच. त्याच अंतरावरून एअर पिस्तूल दिलं तर भले भले चुकतात. म्हणून मग बरेच जण पिस्तूललाच दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, बसवून घरच्या घरी कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल, करायचं बघतात. क्रॉसमन १३७७ या एअर पिस्तूलला तर मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या की १३९९ नावाचा तयार दस्ता बसतो, आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न, पावर किती वाढली?

अजिबात नाही. छर्रा किती जोरात सुटणार ते हवेचा दाब आणि नळीची लांबी ठरवते, दस्त्याचा तिथं काहीच संबंध नाही. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटरने सुटला तर साधारण ८ ज्यूल ऊर्जा होते, ती दस्त्याआधी ८ आणि नंतरही ८च. (आपल्याकडं २० ज्यूलच्या वर किंवा ०.१७७ इंचाहून मोठ्या नळीला लायसन लागतं, ते आधी बघून घ्या.) धक्का सोसायलाही दस्ता लागत नाही, इतक्या हलक्या छर्ऱ्याचा धक्का असतोच किती!

खरी गोष्ट आहे कोनाची. नेम धरायला पिस्तूलच्या पुढच्या टोकाला जो छोटा उंचवटा असतो ती माशी, आणि मागं असते ती खाच; या दोन्हींत समजा ३० सेंमी अंतर आहे, आणि माशी फक्त १ मिमी इकडंतिकडं झाली, तर १० मीटरवर छर्रा ३३ मिमी बाजूला जातो. रुपयाच्या नाण्यावर नेम धरला असेल तर तो चुकलाच म्हणायचं. आणि लांब केलेला हात १ मिमी तर सहज हलतो, श्वास, नाडीचे ठोके, दमलेला खांदा सगळंच त्यात येतं. भरलेली कळशी हात लांब करून धरा आणि मग कमरेवर घ्या, तोच फरक. दस्ता आला की खांदा आणि गाल असे दोन टेकू वाढतात, आणि दुसरा हात पुढं नळीखाली जातो.

ऑलिंपिकमध्येच बघा ना, एअर पिस्तूल आणि एअर रायफल दोन्हीचं अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिमी, पण पिस्तूलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आणि रायफलचं फक्त अर्ध्या मिमीचा ठिपका! रायफलवाल्यांचं जाड जॅकेट आणि पीप साईट (खाचेऐवजी बारीक भोकातून नेम धरायची सोय) यांचाही त्यात वाटा आहे, पण मूळ आधार खांद्याचाच.

सुताराकडून सागवानी दस्ता करून घेणार असाल तर एक बघा, जोडाला जरासुद्धा खेळ नको. दस्ता खांद्यात घट्ट आणि पिस्तूल त्याच्यावर हलतंय, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. लांबी आपल्या हाताच्या मापानं घ्या, कोपर काटकोनात वाकवून आतल्या बाजूपासून चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.

अजून एक अडचण हमखास येते. हात लांब असताना मागची खाच डोळ्यापासून दूर असते, दस्ता लावला की ती एकदम जवळ येते आणि धूसर दिसायला लागते. तिथं बारीक भोकाची पीप साईट बसवायची, डोळा आपोआप भोकाच्या मधून बघतो आणि आपण लक्ष फक्त माशीवर ठेवायचं. ती साईट मागं सरकवून ३० चं अंतर ३५ सेंमी झालं, तर तीच १ मिमीची चूक १० मीटरवर ३३ वरून २९ मिमीच्या आत येते.