चालू ट्रॅक्टरची बॅटरी काढून पाहू नका
सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागांत छोटे ट्रॅक्टर फवारणीला फिरतात. त्यांच्याबाबत एक समज पक्का बसलाय: चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची, इंजिन बंद पडलं नाही तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग) चांगला. हे साफ चूक आहे. साधं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला वीज लागतच नाही, अल्टरनेटर निकामी असला तरी ते चालतं! उलट वायर निघताच व्होल्टेज उसळतं आणि अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड जळू शकतात. कृपा करून व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर बॅटरीला लावून बघा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून रेस वाढवल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा वाढत नसेल तर आधी बेल्ट, फ्यूज, अर्थिंगची वायर आणि टर्मिनलवरचा पांढरा थर तपासा. सोलापूरच्या उन्हात बॅटरीचं पाणीही लवकर आटतं, तेही बघा. अल्टरनेटर त्यानंतरच खोला.